किमान चिंता

रास अल खैमा. पहाटेचे पाच.
मासळीबाजाराच्या ओल्या फरशीवर
मी गुडघे टेकून मोजपट्टी लावते.
डॉक्टर खौला अल शेही म्हणाल्या होत्या, तक्ता सोपा आहे:
डावीकडे रुजतं ते, उजवीकडे पोहतं ते.
फक्त शेवटचा रकाना आधी भरू नकोस.

डावीकडे कण्हेर.
बाजाराच्या कुंपणाशी, ठिबकच्या काळ्या नळीवर जगणारी,
गुलाबी, धुळीने थोडी राखाडलेली.
सृष्टी वनस्पतींची. कुल करवीर,
म्हणजे कुळाला नावच हिचं,
जशी हर्णैला एका घराच्या नावाने अख्खी आळी.

उजवीकडे पाकट.
काळ्या पाठीवर पांढरे ठिपके,
कुणी रांगोळीला बसलं
आणि रेघा ओढायच्या आधी उठून गेलं.
सृष्टी प्राण्यांची. वर्ग उपास्थिमीन:
अंगात एक हाड नाही,
नुसत्या कुर्च्यावर एवढा पसारा.

पहिल्याच ओळीत दोघींची फारकत होते.
त्यानंतर संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती
भरत जायचं म्हणजे
घटस्फोट झाल्यावर भांडी वाटून घ्यायची.

तरी समासात मी पेन्सिलीने लिहिलं, दोघींना विष आहे.
हिच्या पानात, तिच्या शेपटीच्या काट्यात.
डोंगरातल्या वादीत हीच कण्हेर रानची उभी असते,
खौलाबाईंचे वडील तिला हबन म्हणत,
त्यांच्या शेळ्या तेवढी वाट वाकडी करून जायच्या.
पाकटीचा काटा मात्र बोटीवरच छाटतात.
बाजारात येते ती नि:शस्त्र.

मोतालेब, बारिसालचा, लिलावाची काठी आपटत म्हणाला,
लख्मा आज स्वस्त आहे, न्या ना.
मी म्हटलं, आमच्याकडे बाळंतिणीला देतात
पाकटीचं कालवण. दूध येतं.
तो हसला. आमच्याकडेही, म्हणाला.

आणि ती तिथेच व्याली.

दोन पिल्लं. पंख रुमालासारखे घडी घातलेले.
एक तसंच राहिलं.
दुसऱ्याची घडी उलगडली,
फरशी धुवायच्या पाइपाच्या पाण्यात
ते पाच-सहा वेळा उडालं,
खरंच उडालं, जमिनीपासून बोटभर वर,
मग ड्रेनेजच्या जाळीला चिकटून बसलं.
एक वीत चार बोटं.
तक्त्याला सेंटिमीटर लागतात.
लिलाव थांबला नाही. मोतालेबने वजनात पिल्लं धरली नाहीत,
त्याच्या हातात तेवढंच होतं.

बाहेर नगरपालिकेचा शेरजमान कण्हेर छाटत होता.
फांद्यांचा ढीग, चिकाने पांढरी झालेली कात्री.
हिची काळजी करू नका, तो म्हणाला,
यातली कुठलीही उचला, वाळूत खोचा, पाणी दाखवा, झालं.
त्याने एक खोचूनही दाखवली, सिगारेट विझवावी तशी.
मी विचारलं नाही
पाकटीची फांदी कुठून तोडायची.

आईचा फोन. कशी आहेस?
ठीक.
काय आलंय तिकडे बाजारात?
पाकट, मी म्हटलं. हातभर रुंद. दोन हात असेल.
ती गप्प झाली. मग म्हणाली,
एवढी आता इथे नाही गं येत,
तुझे बाबा होते तेव्हा यायची.
तिने तारीख सांगितली नाही. हा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा
तेही मी खौलाबाईंना विचारणार आहे.

उजाडलं. शेवटचा रकाना.
कण्हेर: किमान चिंता.
पाकट: संकटग्रस्त.
हात ओला होता. शाई धरली नाही,
'संकटग्रस्त' डावीकडे ओघळत गेलं
आणि कण्हेरीच्या चौकटीत दोन अक्षरं शिरलं.
खाडाखोड केली नाही.
विचारलं तर सांगेन,
पाणी होतं.